नोंदीतलं सावदा

१९०८ साली निघालेल्या ‘इम्पीरियल गॅझेटिअर ऑफ इंडिया’च्या २२व्या खंडात खानदेशातल्या सावद्यावर जेमतेम एक परिच्छेद आहे. रावेर तालुक्यातलं रेल्वेवरचं गाव, १८८३ साली झालेली नगरपालिका, दवाखाना, शाळा, बाजार. सरकारी दप्तरातला मजकूर म्हणून कुणीही पान उलटून पुढे जाईल. मला मात्र तो पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो, तो त्याच्या काटकसरीमुळे. मोजक्या वाक्यांत गाव उभं राहतं, आणि ज्याने सावदा पाहिलंय त्याला त्या वाक्यांच्या मागचंही दिसू लागतं.

इतिहासाची सुरुवात १७६३पासून होते. निजामाने सावदा कायमचं पेशव्यांना दिलं, मग ते सरदार रास्त्यांकडे गेलं. रास्त्यांची मुलगी पेशव्यांच्या घरात होती, एवढं सांगून नोंद पुढे सरकते. १७६३ म्हणजे निजाम आणि पेशवे यांच्यातल्या राक्षसभुवनच्या लढाईचं साल. आणि रास्त्यांची लेक म्हटलं की माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई आठवतात. तापीकाठची काळी जमीन कुणाच्या पदरात पडावी हे तेव्हा पुण्यात ठरत होतं.

खरा जीव आहे तो १८५२च्या वाक्यात. इंग्रज सरकारने जमिनीची नवी मोजणी आणली, त्यावरून सावद्याला मोठा दंगा झाला. दहा ते पंधरा हजार माणसं जमली. फौज आली, म्होरके धरले गेले, तेव्हा कुठे जमाव पांगला. जमिनीवर साखळी पडली की सारा वाढणार, ही कुणब्याची धास्ती. मोटारी नव्हत्या, रेल्वे अजून खानदेशात पोचायची होती. एवढी माणसं गोळा व्हायची तर गावोगावचे औत सोडून पायी आणि बैलगाडीनेच यायला हवीत. लिहिणाऱ्याची सहानुभूती सरकारकडे आहे हे उघड आहे. तरी त्याने आकडा दडवला नाही. त्या शेतकऱ्यांचा आवाज आज आपल्यापर्यंत पोचतो तो या आकड्यातूनच.

मग व्यापार: कापूस, हरभरा, जवस, गहू. चार पिकांची नावं, पण या मुलखाचा सगळा स्वयंपाक त्यात आहे. गव्हाची वरण-बट्टी घ्या, किंवा कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. हिवाळ्यात मळ्यात असा जाळ पेटतो, वांग्यांची सालं काळी पडून फुटतात, हिरवी मिरची आणि लसूण ठेचला जातो, वरून कांद्याची पात पडते. सोबत कळण्याची भाकरी. भरीत खावं ते इथेच. पुण्या-मुंबईच्या गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती धुराची चव येत नाही.

शेवटाकडे गुरांच्या बाजाराचा उल्लेख येतो. आठवड्याच्या बाजारात निमाड आणि वऱ्हाडची मोलाची जनावरं विकायला येतात, असं लिहिणारा सांगतो. हे वाक्य मला फार आवडतं, कारण त्यात गावाची जागा बरोबर कळते. बऱ्हाणपूरच्या वाटेने निमाडचा तांबडा, पांढऱ्या ठिपक्यांचा बैल आला, पूर्वेकडून वऱ्हाडचा आला, आणि दोघांची गाठ सातपुड्याच्या पायथ्याशी पडली. आजही बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर सावदा आहे आणि पलीकडे फैजपूर, जिथे १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं.

आता या नोंदीतली मोठी उणीव. व्यापाराच्या यादीत केळी नाहीत. आज सावदा म्हणजे केळी. स्टेशनातून दिल्लीकडे केळी जातात, रस्त्याने ट्रक भरून जातात, जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. बागेच्या कडेने शेवरीची रांग लावलेली असते, वैशाखातल्या वादळाने झाडं आडवी होऊ नयेत म्हणून. कापणीच्या दिवशी विळ्याचा एक घाव बसतो, घड थेट माणसाच्या खांद्यावर येतो, आणि त्याचा चीक सदऱ्यावर असा बसतो की कितीही धुतलं तरी काळा डाग तसाच राहतो. त्या भागात कापणीवाला सदऱ्यावरून ओळखू येतो.

घड काट्यावर चढला की मात्र मला १८५२ची आठवण होते. बोर्डावर लिहिलेला भाव एक, हातात पडणारा भाव दुसरा. दांड्याचं वजन किती कापायचं यावर घासाघीस. नवती (नव्या लागवडीची बाग) आणि पिलबाग (जुन्या झाडांच्या पिलांवर धरलेली बाग) यांच्या भावात फरक. तेव्हा जमीन मोजली जात होती, आता माल मोजला जातो, आणि दोन्ही वेळी माप शेतकऱ्याच्या हातात नाही. विहिरी आटून ट्यूबवेल खोल खोल गेल्या, थंडीत चरका आणि पावसाळ्यात करपा, हा सगळा खर्च त्या भावातच बसवायचा असतो. या बाबतीत माझी बाजू स्पष्ट आहे: पिकवणाऱ्यासमोर वजन आणि लिहिलेल्या भावाने पैसे, एवढी त्याची मागणी रास्त आहे.

सावद्याची पुढची नोंद आता सावदेकरांनीच लिहायला हवी. इथल्या शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांना विनंती आहे: १८५२च्या त्या जमावातल्या माणसांबद्दल घराघरांत काही आठवण उरली असेल तर मुलांकडून ती लिहवून घ्या, आणि पहिली केळी कुणाच्या मळ्यात लागली तेही म्हाताऱ्यांना विचारा. सांगणारे आहेत तोवरच हे काम होईल.