संहिता आधी कुणी वाचायची?

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळींच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन त्या प्रयोगाला आले आणि अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ही हकिगत नाशिककरांना पाठ असते. तिच्या मागचीपुढची हकिगत मात्र क्वचितच सांगितली जाते. सहा महिने आधी, जून १९०९ मध्ये, बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली होती ती कवी गोविंदांच्या कविता छापल्याबद्दल. आणि हत्येला जेमतेम महिना होतो न होतो तोच, जानेवारी १९१० मध्ये, सरकारने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी घातली. पिस्तूल हा अभिव्यक्तीचा प्रकार नव्हे. पण नाशिकच्या या प्रकरणात कवितेला शिक्षा आधी झाली आणि गोळी नंतर सुटली, हा क्रम विसरून चालणार नाही.

‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातली; पण कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत हिंदुस्थान, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल प्रेक्षकांना लख्ख दिसत होते. सरकारला हे कळायला तीन वर्षं लागली. हाताशी कायदा होताच: १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही सत्तर वर्षं तो कायदेपुस्तकात राहिला आणि २०१८ च्या जानेवारीत रद्द झाला.

महाराष्ट्रातल्या नाटकवाल्यांची सुटका मात्र त्याने झाली नाही. इथे आणखी एक व्यवस्था आहे, पोलीस कायद्याखालच्या नियमांवर उभी असलेली: रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. नाटकवाले त्याला सरळ ‘सेन्सॉर’ म्हणतात. संहिता मंडळाकडे पाठवायची, सुचवलेली काटछाट करायची, प्रमाणपत्र घ्यायचं, मग प्रयोग. व्यावसायिक नाटकापुरतंच हे नाही. हौशी नाटकं आणि एकांकिका स्पर्धांच्या प्रवेशअर्जातही या प्रमाणपत्राची मागणी असते. कादंबरीकाराला छापण्याआधी हस्तलिखित सरकारला दाखवावं लागत नाही. मोबाइलवर लाखो लोक पाहतात त्या मालिकेलाही आधी सरकारी शिक्का लागत नाही. शे-दोनशे प्रेक्षकांसमोर एकदाच होणाऱ्या चाळीस मिनिटांच्या एकांकिकेला मात्र तो लागतो. ब्रिटनमध्ये लॉर्ड चेंबरलेनकडे १७३७ पासून असलेला नाटकं तपासण्याचा अधिकार १९६८ मध्ये संपला. ज्यांच्या राज्यात आपण हे शिकलो त्यांनी ते सोडून दिलं, आपण धरून बसलो आहोत.

या मंडळाने मराठी नाटकाचं काय केलं, याचा हिशेब सत्तरच्या दशकाने मांडून ठेवला आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’त माणिकच्या साडीवरचा गर्भपाताचा लाल डाग सेन्सॉरला खुपला. डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं, की हा निळा डाग लाल समजावा. ‘सखाराम बाइंडर’ १९७२ मध्ये काही प्रयोगांतच अडवलं गेलं. कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात लढले आणि जिंकले. दोन्ही प्रसंग आज कौतुकाने सांगितले जातात. त्यांची किंमत मात्र सांगायची राहते. एका नाटकासाठी कोर्टाची पायरी चढणं किती निर्मात्यांना परवडतं? सारंग लढले म्हणून ‘सखाराम’ उरलं. जी नाटकं लढायला कुणी नव्हतं म्हणून मंडळाच्या फायलीतच राहिली, त्यांची गणती कशी करायची?

परिनिरीक्षणाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो: आधी तपासणी झाली, तर पुढचा गोंधळ टळतो. अनुभव उलट आहे. ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ला मंडळाने संमती दिली होती; तरी १९९८ मध्ये सरकारने प्रयोग बंद पाडले आणि ते सुरू व्हायला २००१ चा उच्च न्यायालयाचा निकाल लागला. गांधींच्या खुन्याला बोलतं करणारं हे नाटक अनेकांना मनापासून नकोसं वाटतं, आणि तसं वाटण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. त्याचं उत्तर लेख लिहून, दुसरं नाटक करून, प्रयोगाकडे पाठ फिरवून देता येतं. नकोशा नाटकाचा प्रयोग वाचवला, तरच हव्याशा नाटकाचा वाचतो. २००८ च्या जूनमध्ये ठाण्याच्या गडकरी रंगायतनात ‘आम्ही पाचपुते’च्या प्रयोगावेळी बॉम्ब फुटला, माणसं जखमी झाली. हे नाटक व्यावसायिक रंगभूमीवर रीतसर चाललेलं होतं. रीतसरपणा प्रेक्षकांना वाचवू शकला नाही.

म्हणजे आज संहितेला दोन परीक्षक आहेत. एक मंत्रालयाच्या छत्राखालचा, दुसरा रस्त्यावरचा. पहिल्याला निदान अर्ज करता येतो.

दुसऱ्याचा हात नाशिकने जवळून पाहिला. डिसेंबर २०२१ मध्ये ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं. संमेलनस्थळाला कुसुमाग्रज नगरी असं नाव दिलं होतं. ५ डिसेंबरला, समारोपाच्या दिवशी, परिसंवादासाठी आलेल्या संपादक गिरीश कुबेर यांच्यावर त्याच परिसरात शाई फेकली गेली. कारण होतं त्यांच्या इंग्रजी पुस्तकातला छत्रपती संभाजी महाराजांविषयीचा मजकूर. त्या मजकुराशी मतभेद असणाऱ्यांना पुरावे मांडून तो खोडता आला असता. त्यासाठी संमेलनाइतकी योग्य जागा दुसरी कुठली?

याच शहरात वसंत कानेटकर राहिले, शिकवत होते, लिहीत होते. १९६२ मध्ये त्यांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिलं. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांच्यातला बाप-लेकाचा ताण हाच त्या नाटकाचा गाभा आहे. महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतलं, कारण दैवतांना माणसांसारखं दुखताना पाहून प्रेक्षकांची भक्ती उणावली नाही. आज एखाद्या तरुण नाशिककर लेखकाने हाच विषय घेतला, तर घरचे, मित्र, नाट्यगृहाचे व्यवस्थापक त्याला पहिला प्रश्न नाटकाच्या बांधणीविषयी विचारणार नाहीत. मराठी नाटकाच्या आजच्या स्थितीचं निदान करायचं, तर ते या पहिल्या प्रश्नापासून करावं लागतं.

हे लोण वर्गखोल्यांत आणि ग्रंथव्यवहारातही पोचलं आहे. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी अभ्यासक्रमातून काढून टाकली. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार सरकारने आठवड्याभरात रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. त्यावर प्रज्ञा दया पवार, नीरजा यांनी साहित्य संस्कृती मंडळाचे राजीनामे दिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा प्रयोग उधळला गेला, आणि अटक झाली ती विभागप्रमुखांना व विद्यार्थी कलाकारांना. नाटक शिकायला आलेल्या मुलांनी त्या दिवशी काय शिकावं?

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये, एस. रंगराजन खटल्यात, निदर्शनांच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येत नाही, तिचं रक्षण हे राज्याचं कर्तव्य आहे, असं स्पष्ट केलं. ते प्रकरण चित्रपटाचं होतं. तत्त्व रंगमंचालाही तितकंच लागू पडतं. अमोल पालेकरांनी नाटकाच्या पूर्वतपासणीविरुद्ध २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा त्यांनी मागितलं ते जगावेगळं नव्हतं. एखाद्या प्रयोगात खरोखर गुन्हा घडला, तर त्यासाठी प्रयोगानंतर लागू होणारे कायदे आहेत. आधीची तपासणी काढून टाकल्याने त्यातला एकही कमी होत नाही.

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची. त्याचंच परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे. पुस्तक आणि प्रयोग एकाच संस्थेच्या छायेत. अशा संस्थांनी या मागणीमागे उभं राहायला हवं: परिनिरीक्षणाची अट हटवा, आणि धमकी आली तर प्रयोग बंद करण्याऐवजी दाराशी पोलीस उभे करा. तोवर या शहरातली हौशी मंडळी स्पर्धेचा अर्ज भरताना नाटकाचं नाव, लेखकाचं नाव लिहून झाल्यावर प्रमाणपत्र क्रमांकाच्या रकान्याशी येऊन थांबतच राहतील.