'द एलिफंट व्हिस्परर्स' : वात्सल्य, व्यवस्था आणि संवर्धन

कार्तिकी गोन्साल्विस दिग्दर्शित 'द एलिफंट व्हिस्परर्स' हा सुमारे ४० मिनिटांचा तमिळ लघुमाहितीपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला आणि २०२३ मध्ये त्यास ऑस्कर पुरस्कार प्राप्त झाला. वात्सल्यभाव हा या कृतीचा प्राण आहे, हे निर्विवाद होय. तथापि या वात्सल्याला आधार देणारी आणि अखेरीस त्याला सीमा घालणारी व्यवस्था तीत पार्श्वभूमीलाच राहते. या दृष्टीने तिची चिकित्सा होणे आवश्यक आहे.

तामिळनाडूतील मुदुमलाई व्याघ्र प्रकल्पातील थेप्पाकाडू हत्ती छावणी हे या माहितीपटाचे स्थळ. काट्टुनायकन या आदिवासी जमातीतील बोम्मन व बेल्ली हे रघू नावाच्या पोरक्या पिलाचा सांभाळ करतात. पुढे अम्मू हे दुसरे पिलू त्यांच्याकडे येते. बेल्ली यांनी आपली मुलगी गमावली आहे, तर रघूची आई विजेच्या धक्क्याने मरण पावली आहे. या दोन दुःखांचा सांधा कोणताही अभिनिवेश न आणता जुळविलेला आहे. न्हाऊ घालणे, घास भरविणे, लटके रागे भरणे अशा नित्याच्या कृतींमधून नाते उलगडत जाते. आदिवासी येथे दयेचा विषय ठरत नाहीत. अरण्याचे जाणकार म्हणून ते समोर येतात. हे या कृतीचे मोठे यश आहे.

रघू मोठा झाल्यावर वनखाते त्याला दुसऱ्यांच्या हाती सोपविते. हा प्रसंग माहितीपटाचा भावनिक कळस आहे. मात्र या निर्णयामागील विचाराची चर्चा विस्ताराने येत नाही. परिणामी एक प्रशासकीय निर्णय प्रेक्षकाला नियतीसारखा भासतो. वास्तविक ही छावणी ब्रिटिश राजवटीपासूनची असून लाकूडतोडीच्या कामासाठी तेथे हत्ती वापरले जात. त्या श्रमव्यवस्थेचे संगोपन केंद्रात झालेले रूपांतर हा अभ्यासाचा महत्त्वाचा विषय होता. तो येथे दुर्लक्षित राहिला.

हाच प्रश्न बेल्ली यांच्या श्रमांबाबतही उपस्थित होतो. पिलाचे संगोपन हे कष्टाचे व कौशल्याचे काम आहे. माहितीपट त्याकडे प्रामुख्याने मातृत्व म्हणून पाहतो. पुरस्कारानंतर, २०२३ मध्ये, तामिळनाडू शासनाने बेल्ली यांची कावडी म्हणजे माहुताची साहाय्यक या पदावर नेमणूक केली. ज्या कामाला ममता म्हणून गौरविले गेले, त्याला पद मिळण्यास इतका अवधी लागावा, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

संवर्धनाच्या दृष्टीने रघूच्या आईचा मृत्यू हा कथेचा खरा आरंभ आहे. अन्नपाण्याच्या शोधात कळप वस्तीकडे का वळतात, हा प्रश्न मात्र माहितीपट ओझरताच स्पर्शून पुढे जातो. महाराष्ट्राच्या संदर्भात तो अधिक निकडीचा आहे. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात आले आणि माड, पोफळी, केळी व भातशेतीच्या नुकसानीचा प्रश्न तेथे उभा राहिला. रात्री बागेत शिरणाऱ्या हत्तीला तेथील शेतकरी रघूच्या रूपात पाहू शकत नाही. त्याच्याकडून स्नेहाची नव्हे, तर सहनशीलतेची अपेक्षा केली जाते. आणि वेळेवर मिळणारी भरपाई, सुरक्षित वीजवाहिन्या व अखंड भ्रमणमार्ग यांवाचून ती सहनशीलता टिकणे कठीण आहे.

सारांश, एका पिलावरील प्रेम हे संवर्धनाला प्रेरणा देऊ शकते. पण त्याची जागा घेऊ शकत नाही. बोम्मन व बेल्ली यांचे नाते अस्सल आहे, म्हणूनच त्याचा अर्थ केवळ हृदयस्पर्शी कथेपुरता सीमित राहू नये. पिले पोरकी झाल्यावर त्यांना माया देणाऱ्यांचा गौरव समाजाने केला, हे योग्यच झाले. ती पोरकी होऊ नयेत यासाठी आवश्यक असलेली व्यवस्था उभारणे, हे त्याच समाजाचे अपुरे राहिलेले कर्तव्य आहे.