व्हायोलिनचें शीर

उपयोग संपतो तेथें कला सुरू होते, असें मत टीकालेखांत वारंवार आढळतें. तें पारखून पाहण्यास क्रेमोना येथील जुन्या व्हायोलिनांच्या शिरोभागासारखें दुसरें उदाहरण क्वचित् सांपडेल. आपल्या तंबोऱ्याप्रमाणें व्हायोलिनलाही खुंट्या असतात. त्यांचें कोरीव घर उपयोगाचें आहे. परंतु त्याच्या टोंकाशीं शंखासारखा आंत आंत वळत जाणारा जो वेढा असतो, त्याचा नादाशीं म्हणण्यासारखा संबंध नाहीं. असें असूनही, वाद्य कोणाच्या हातचें हें ठरवितांना पारख्याची नजर तेथें हटकून जाते.

स्ट्राडिवारीचें (१६४४–१७३७) काम पाहावें. शिरोभागाच्या आंखणीसाठीं त्यानें केलेले कागदी नमुने क्रेमोनाच्या संग्रहालयांत आहेत. खुंट्यांच्या घराच्या पाठीवर त्याच्या कंपासाचीं बारीक छिद्रें अजून दिसतात. कडा किंचित् तासून तो त्यांवर काळी रेघ ओढी. पुष्कळ वाद्यांवर ती हातांच्या घर्षणानें झिजून गेली. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयांतील १७१६ च्या 'मसाया' वाद्यावर मात्र ती टिकून आहे. ही रेघ केवळ वेढ्यावर नाहीं, उपयोगाच्या भिंतींच्या कडांवरही फिरली आहे. म्हणजे कलेनें येथें उपयोग संपण्याची वाट पाहिलेली नाहीं.

ग्वार्नेरी 'देल जेसू' (१६९८–१७४४) याचा मार्ग निराळा. त्याच्या अखेरच्या वर्षांतील शिरांत दोन बाजूंचे वेढे सारखे नाहींत व पटाशीचे घाव पुसलेले नाहींत. पागानिनीनें जिनोआ शहरास दिलेलें 'इल कानोने' हें वाद्य याच काळांतलें, १७४३ सालचें. त्याआधींच्या दशकांतील अनेक वाद्यांचीं शिरें मात्र त्याच्या वृद्ध पित्यानें कोरलीं असावींत, असें जाणकार मानतात. आंतल्या चिठ्ठीवर नांव एकाचें, माथ्यावर हात दुसऱ्याचा! चिठ्ठी जें सांगत नाहीं तें लांकूड सांगतें.

हा ओबडधोबडपणा म्हणजेच प्रतिभा, असें म्हणणारे रसिक आहेत. आम्हांस तें मान्य नाहीं. असमानता हा स्वतः गुण नव्हे. देल जेसूचा गुण असा कीं, घाईंतही त्याची वक्ररेषा कोठें अडखळत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत व्हुयोम (१७९८–१८७५) याच्यासारख्या कुशल कारागिरांनीं जुन्या वाद्यांच्या हुबेहूब प्रतिकृति केल्या. त्यांचें कसब निःसंशय थोर. तथापि घाईंत उमटलेला घाव जेव्हां सावकाश, मोजून उतरविला जातो, तेव्हां त्याचा अर्थच नाहींसा होतो.

१८०० च्या सुमारास वादनाची रीत बदलली. अधिक लांब व मागें कललेली मान हवीशी झाली. कारागिरांनीं जुन्या माना कापून टाकल्या, पण मूळ शिरें जपून नव्या मानांवर कलम केलीं. तो सांधा खुंट्यांच्या घराच्या बाजूंवर आजही दिसतो. व्यवहारी माणसांनीं उपयोगाचा भाग टाकून निरुपयोगी भाग राखला, याहून बोलकी टीका आम्हांस ठाऊक नाहीं. उपयोग संपतो तेथें नव्हे, तर कोणी मागितलें नसतांही कारागीर जेथें आपला हात आवरीत नाहीं, तेथें कला सुरू होते.