पहिल्या सतरा दिवसांचे पत्र : फादर स्टीफन्स यांच्या १५७९ मधील लेखनाचा एक विचार

फादर थॉमस स्टीफन्स यांची ओळख मराठी वाचकाला ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून आहे. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या या ग्रंथातील मराठी भाषेची स्तुती इतकी प्रसिद्ध झाली आहे की, या इंग्रज धर्मोपदेशकाने गोव्यात पाऊल टाकताच मराठीची महती ओळखली असावी, असा समज सहज होतो. या समजाची परीक्षा करण्याचे साधन सुदैवाने उपलब्ध आहे. स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले आणि १० नोव्हेंबर रोजी त्यांनी लंडनमध्ये व्यापार करणाऱ्या आपल्या वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. रिचर्ड हॅक्लूट याने आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात १५८९ साली ते छापले. परदेशी धर्मकार्यासाठी निघालेल्या माणसाच्या पहिल्या सतरा दिवसांचा हा पुरावा होय.

पत्राचा बहुतेक भाग समुद्राने व्यापला आहे. ४ एप्रिल रोजी लिस्बनहून पाच गलबते कर्ण्यांच्या आणि तोफांच्या गजरात निघाली. त्यांवर स्त्रिया आणि मुलेही होती. गिनीच्या किनाऱ्याजवळील निर्वात समुद्र, पंख पसरून उडणारे मासे, केप ऑफ गुड होपचा वळसा, यांचे वर्णन स्टीफन्स बारकाईने करतात. उत्तर-दक्षिण अंतर आकाशावरून मोजता येते, पण पूर्व-पश्चिम अंतरासाठी तसे स्थिर प्रमाण नाही, ही नौकानयनातील अडचण ते नेमकी सांगतात. हिरड्या सुजविणाऱ्या रोगाने गलबतावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि २७ दगावली, ही नोंदही ते कोरडेपणाने करतात. या भागात निरीक्षक सावध आहे. पाहिले तेवढेच तो लिहितो.

किनारा लागताच मात्र पत्र आखडते. गोव्याच्या वाट्याला थोड्याच ओळी येतात, आणि त्यांची घडण लक्षणीय आहे. लोक सावळे आहेत, पण त्यांचे ओठ व नाक आफ्रिकेतील लोकांसारखे नाहीत. सामान्य माणसे कमरेच्या वस्त्राखेरीज उघडी असतात. द्राक्षवेल वगळता युरोपातले एकही झाड येथे दृष्टीस पडले नाही, आणि तो वेलही येथे निरुपयोगी, म्हणून मद्य पोर्तुगालहून आणावे लागते. जे आहे त्याचे वर्णन येथे जे नाही त्याच्या आधाराने होते. लोकांच्या रूपाविषयीच्या वाक्यात तर त्या काळच्या युरोपीय माणसाचा वर्णविषयक पूर्वग्रह स्पष्ट आहे. पुढील थोरवीच्या प्रभावाखाली तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. फळझाडांविषयी आता लिहू लागल्यास याच लांबीचे दुसरे पत्र होईल, असे म्हणून लेखक विषय आवरता घेतो.

भाषाभ्यासकाला यात सर्वाधिक जाणवते ती एक उणीव. या लोकांचा रंग आहे, वस्त्र आहे. त्यांची वाणी मात्र कोठेच नाही. बाजारातील एखादी हाक किंवा एखाद्या वृक्षाचे देशी नावही नाही. डोळा उघडा आहे. कान अद्याप उघडलेला नाही. यासाठी लेखकाला दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. पत्र वडिलांसाठी आहे, आणि मुलगा सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासातून जिवंत पोहोचला, हीच त्यांच्या दृष्टीने मुख्य वार्ता होती. शिवाय जे कळत नाही त्याविषयी मौन पाळणे हा या पत्राचा गुणच मानावा लागेल.

चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, आपल्या भावाला लिहिलेल्या लॅटिन पत्रात हे मौन सुटते. येथे अनेक भाषा आहेत, त्यांचा उच्चार कानाला कटू नाही आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिनशी जुळती आहे, असे स्टीफन्स आता नोंदवितात. येथील अक्षर हे अवयवरूप वर्ण असते आणि स्वरांच्या व व्यंजनांच्या योगाने त्याची रूपे बदलतात, हेही त्यांना उमगले आहे. म्हणजे बाराखडी आणि जोडाक्षरे त्यांनी गिरविली होती. या नोंदीला भाषाकुलाच्या सिद्धान्ताचा मान देणे मात्र योग्य नव्हे. समान उगमाचे विधान विल्यम जोन्स यांनी १७८६ साली केले. स्टीफन्स रचनेतील साम्य सांगून थांबतात. तरीही अंतर मोठे आहे. १५७९ मध्ये युरोप हे उणिवा मोजण्याचे माप होते. १५८३ मध्ये ग्रीक-लॅटिनच्या पंक्तीला येथील भाषा बसविली जाते.

याच दुसऱ्या पत्रात त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे मारल्या गेलेल्या पाच जेझुइटांचा वृत्तान्त आहे. हा योगायोग विसरता कामा नये. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली होती, आणि ज्या सत्तेच्या आश्रयाने ती पाडली गेली तिच्याच छत्राखाली स्टीफन्स भाषा शिकत होते. भाषेवरील प्रेम आणि धर्मांतराचा हेतू त्यांच्या ठायी एकत्र नांदतात. एकाने दुसरे खोटे ठरत नाही, तसे एकाने दुसरे क्षम्यही होत नाही.

‘क्रिस्तपुराणा’च्या दहा हजार नऊशे बासष्ट ओव्यांकडे या वाटेने आल्यास त्यातील भाषास्तुतीचा अर्थ अधिक खोल होतो. तेथे भाषेची थोरवी सांगण्यासाठी मोगरी आणि कस्तुरी यांच्या उपमा येतात. ज्याला या भूमीत युरोपातल्यासारखे एकही झाड दिसले नव्हते, त्याला सदतीस वर्षांनंतर श्रेष्ठत्वाचे माप येथल्याच फुलात सापडते. उपमा हा येथे केवळ अलंकार नाही. कवी कोणत्या जगात उभा राहून पाहतो आहे, याची ती साक्ष आहे.

तेव्हा पहिल्या दिवसांच्या धर्मप्रचारकी लेखनाला देशवर्णन म्हणून प्रमाण मानणे जितके चूक, तितकेच निरुपयोगी म्हणून त्याची उपेक्षा करणेही चूक. त्यात देश थोडा असतो. पाहणाऱ्याने बरोबर आणलेली मापे पुष्कळ असतात. स्टीफन्स यांच्याबाबत ती मापे पुढे कशी बदलली, हे ताडून पाहता येते, आणि या पत्राचे खरे मोल तेथे आहे. ‘क्रिस्तपुराणा’तील मराठीप्रेम १५७९ च्या पत्रात शोधू नये. ते तेथे नाही, म्हणूनच पुढे ते परिश्रमाने मिळविलेले ठरते.