लाकडी घर, समुद्राचा वारा आणि वजनाचा हिशेब

खडकाळ किनाऱ्यावरच्या 'मास टिंबर' घरांचे लेख आणि व्हिडिओ सध्या बरेच फिरतायत. मास टिंबर म्हणजे फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून केलेल्या जाड पाट्यांचं (सीएलटी) बांधकाम. त्यात एक वाक्य हमखास येतं: लाकूड हलकं, म्हणून सुरक्षित. माझा आक्षेप या 'म्हणून'वर आहे.

भूकंपापुरतं ते खरं आहे, कारण भूकंपात घरावर येणारं बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतं. आपल्या वाशिमकडची जुनी धाब्याची घरं आठवा: लाकडी खांब, तुळया, वर मातीचा जाड थर, आणि खांब तळखड्यावर नुसता टेकवलेला. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशा घरांचे लाकडी सांगाडे अनेक ठिकाणी उभे राहिले. माणसं दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली.

किनाऱ्यावर मात्र वजन कमी असणं हीच अडचण होते. आयएस 875 (भाग 3) मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर आहे. दाब = 0.6 × वेगाचा वर्ग, म्हणजे 1162 न्यूटन प्रति चौ. मी. सोप्या भाषेत, दर चौरस मीटरला साधारण 118 किलो. छतावरून वारा जाताना जवळपास एवढंच बल छताला वर ओढू शकतं. आता वजनं बघा (दर चौ. मी.):

- 12 सेंमी सीएलटी छत: सुमारे 60 किलो
- 12 सेंमी काँक्रीट स्लॅब: सुमारे 300 किलो
- धाब्यावरची एक फूट माती: सुमारे 480 किलो

म्हणजे धाब्याचं छत नुसत्या वजनावर बसून राहतं. सीएलटीचं छत 100 चौ. मी. असेल, तर वजन वजा जाता जवळपास 5.8 टन ओढ उरते. ती सगळी बोल्ट आणि पट्ट्यांनी पायापर्यंत न्यायची असते. वादळात समुद्राकडची काच फुटली की आतूनही दाब येतो आणि ओढ आणखी वाढते. हा ढोबळ हिशेब आहे, डिझाइन नव्हे. पण लेखांमध्ये एवढाही नसतो. 3 जून 2020 ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रे आणि कौलं उडाली, ती याच ओढीने.

लाकूडवाल्यांनाही हे चांगलं ठाऊक आहे. नॉर्वेतली 85.4 मीटर उंचीची म्योसटॉर्नेट (2019) लाकडी इमारत म्हणून गाजली. तिच्या वरच्या सात मजल्यांच्या तक्तपोशी काँक्रीटच्या आहेत. वाऱ्याने होणारं डोलणं कमी व्हावं म्हणून मुद्दाम वजन वाढवलंय. कौतुकाच्या लेखात ही ओळ सहसा गळते.

माझा लाकडाला विरोध नाही. पण कोकणात हा खरा प्रश्न पाटीपेक्षा सांध्याचा आहे. खारी हवा लोखंड खाते, पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि बोल्ट सैल पडतात. त्यामुळे कुणी असं घर विकायला आलं तर तीनच गोष्टी विचारा: छत पायाला कशाने बांधलंय? तो धातू कोणता? आणि दहा वर्षांनी तो सांधा उघडून तपासता येईल का? उत्तरात नुसतं 'लाकूड लवचिक असतं' एवढंच आलं, तर पैसे देऊ नका.