हार एकाला, गाणं तिघांचं

आमच्या नागपुरात गायकांचे जन्मदिवस सणासारखे येतात. ४ ऑगस्टला किशोरकुमार, २८ सप्टेंबरला लताबाई, २४ डिसेंबरला रफीसाहेब. आमचे शेजारी तर किशोरकुमारला गाववालाच समजतात. त्यांचंही अगदीच चूक नाही म्हणा! १९२९ साली तो जन्मला ते खांडवा मध्यप्रांतात होतं आणि मध्यप्रांताची राजधानी होती नागपूर.

या कार्यक्रमांना मी हौसेनं जातो. गाणारी पोरं जीव तोडून गातात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती निवेदनाबद्दल. निवेदक गायिकेच्या साडीच्या काठापर्यंत सगळं सांगतो आणि म्हणतो, ‘आता ऐकू या लताबाईंचं ‘मेंदीच्या पानावर’!’ अहो बाप्पा, गळा त्यांचा. पण चाल हृदयनाथांची आणि शब्द सुरेश भटांचे. भट १९३२ साली अमरावतीला जन्मले, २००३ साली इथं नागपुरातच गेले. रेशीमबागेतल्या भल्यामोठ्या सभागृहाला त्यांचंच नाव आहे. एकदा नाव भिंतीवर लावलं की माईकवरून घ्यायची गरज नाही, असा काहीतरी समज दिसतो.

माझं मागणं लहानसं आहे. प्रत्येक गाण्याआधी तीन नावं घ्या. दहा सेकंद लागतात. ते साडीच्या वर्णनातून सहज काढता येतील. आणि १५ एप्रिलला, भटांच्या जन्मदिवशीही एक हार आणा, राजेहो. ऊन असतं, माणसं कमी येतील. पण गाणी मात्र कमी पडायची नाहीत.