टेव्येने तिला जवळ घेतले का?

टेव्ये दूधवाला म्हटला की पुष्कळांना आठवते ते 'फिडलर ऑन द रूफ'. १९६४ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेले हे संगीत नाटक आणि त्यावरचा १९७१ चा चित्रपट यांनी शोलेम आलेखेमच्या या मानसपुत्राला जगभर पोचवले. मूळ यिडिश कथा १८९४ पासून वीस वर्षे सावकाश लिहिल्या गेल्या. त्या ज्याने वाचल्या, त्याला नाटक जरा गोडच वाटेल. माझी तक्रार त्या गोडीविषयीच आहे.

टेव्ये हा रशियन साम्राज्यातल्या खेड्यातला गरीब ज्यू. हुकूम निघाला की गाव सोडायचे, एवढीच त्याची शाश्वती. अशा माणसाचा धर्म राहतो तो घरात. शुक्रवारी सांजावले की आईने मेणबत्त्या लावायच्या, बापाने द्राक्षासवाचा पेला हाती घेऊन प्रार्थना म्हणायची, मुलांना आशीर्वाद द्यायचा. आईबापांमागे कद्दिश म्हणायला रूढीप्रमाणे मुलगा लागतो, आणि टेव्येला सगळ्या मुलीच! थोरलीने श्रीमंत खाटीक नाकारून गरीब शिंपी पत्करला, दुसरी होडल क्रांतिकारक नवऱ्यामागे हद्दपारीत गेली. टेव्ये कुरकुरला, पण 'हो' म्हणाला.

तिसरी हावा ख्रिस्ती होऊन लग्न करते, तेव्हा मात्र तो बायकोला जोडे काढून जमिनीवर बसायला सांगतो. मेलेल्या माणसाचे सात दिवसांचे सुतक! आपल्याकडे जिवंत मुलीच्या नावाने आंघोळ करीत, त्यातलाच हा प्रकार. वास्तविक ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे धर्म सोडलेला ज्यूही ज्यूच राहतो. म्हणजे हावाला मारते ती रूढी, शास्त्र नव्हे. 

पुढे रानात हावा आडवी येते, घोड्याला धरते. तो गाडी हाकतो खरी, पण वाटेत मनाशी विचारतो, देवाने ज्यू आणि बिगर-ज्यू असे दोन निर्माण केलेच कशाला? एकदा तर शब्बाथचे कपडे घालून तो स्टेशनावर जातो, तिकीट मागतो आणि तसाच घरी परततो. ही पाने लिहिणाऱ्याने बाप ओळखला होता.

नाटकाच्या शेवटी टेव्ये पाठमोराच पुटपुटतो, 'देव तुमच्याबरोबर असो.' प्रेक्षक डोळे पुसून समाधानाने उठतो. १९१४ च्या कथेत एवढे स्वस्त समाधान नाही. बायको वारली आहे, शिंपी जावई गेला आहे, गाव सोडण्याचा हुकूम आला आहे. अशा वेळी, सगळ्यांना हाकलले जात असताना, हावा नवऱ्याला सोडून घरच्यांबरोबर निघायला येते. दाराआडून पुढे होते, बापाला हाक मारते. मग टेव्येने काय केले? तो सरळ सांगत नाही. समोर बसलेल्या लेखकालाच विचारतो : तुम्ही पुस्तके लिहिता ना? मग माझ्या जागी तुम्ही काय केले असते?